आई पालघरला, पप्पा बोईसरला

पालघर, उमरोळी, बोईसर. लोकलने बारा-तेरा मिनिटं. मध्येच गाडी थांबवून मागची एक्स्प्रेस पुढे सोडली तर अर्धा तास. माझी आई या अंतराच्या एका टोकाला राहते आणि पप्पा दुसऱ्या टोकाला, २०११ च्या जूनपासून. घरी कोण कोण असतं, असं कोणी विचारलं की मी आणि धाकटी बहीण ठरल्यासारखं एकच वाक्य बोलायचो: आई पालघरला, पप्पा बोईसरला. पुढचं समोरचा माणूस स्वतःच भरून घ्यायचा. कंपनी असेल, शिफ्ट असेल, जाणं-येणं जमत नसेल. आम्ही खोटं बोलत नव्हतो आणि खरंही सांगत नव्हतो.

'घटस्फोट' हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. २०१७ साली तो कायदेशीररीत्या झाला, तेव्हाही आई म्हणाली, "कोर्टाचं काम झालं." त्याआधीची जवळपास सहा वर्षं ते दोघं विवाहित होते आणि वेगळे राहत होते. आमच्यासारखी घरं किती असतील, याचा अंदाज जनगणनेतून येतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित माणसं साधारण १३.६ लाख होती. 'विभक्त', म्हणजे कोर्टाचा कागद नसताना वेगळी राहणारी, साधारण ३५ लाख. जवळपास अडीच पट. शिवाय हे ज्यांनी गणना करणाऱ्यासमोर कबूल केलं तेवढेच. महाराष्ट्रात अशा बायकांसाठी चळवळ झाली, निशा शिवूरकरांनी 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक लिहिलं. आईला मात्र कोणी टाकलं नव्हतं. ती स्वतः निघाली होती. पण पालघरच्या गल्लीत हा फरक कोणाला समजावत बसणार?

बोईसरला पप्पांना असा प्रश्न कधी आलाच नाही. बोईसर हे एकट्या पुरुषांचं गाव आहे. १९६९ ला तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली, आणि माणसं येत राहिली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, आपल्याकडचे जळगाव-धुळे. एका खोलीत चार-पाच जण, एकाची फर्स्ट शिफ्ट, दुसऱ्याची नाइट, कॉट तीच. बायका-मुलं गावी. अशा ठिकाणी केमिकल कंपनीतला एक ऑपरेटर एकटा राहतो, डबा लावतो, रविवारी त्याची मुलं येतात, यात कोणाला काय वाटणार? शेजारच्या काकूंना तर बरीच वर्षं वाटायचं की आईची नोकरीच पालघरला आहे. नोकरी होतीच, पतपेढीत, पण ती नंतर लागली.

आई मात्र मामाच्या घराच्या मागच्या खोलीत दोन मुलं घेऊन आली होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. हळदीकुंकवाला बोलावताना बायका क्षणभर अडखळायच्या. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर टिकली होती, फक्त नवरा दोन स्टेशनं पलीकडे होता. वेगळं होण्याचा हिशेब दोघांनी सारखा चुकवला असं म्हणतात, पण राहायचं गाव कोणतं यावर तो बराच अवलंबून असतो.

एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि आमचा रविवार सोपा झाला. त्याआधी शटल आणि मेमूच्या वेळा बघून निघावं लागायचं. मी सोळा वर्षांचा, धाकटी आठ. तिचं बोट धरून मी बोईसरला उतरायचो. माझ्याकडे निरोप असायचे. "पप्पांना सांग, हिच्या स्कूल बसचे पैसे राहिलेत." "आईला सांग, दहा तारखेनंतर देतो." पुढे इंजिनिअरिंगला एपीआय शिकवताना सरांनी विचारलं होतं की दोन सिस्टिम एकमेकींशी थेट बोलत नसतील तर काय करावं लागतं. मला उत्तर येत होतं. निरोप जसाच्या तसा द्यायचा नसतो, हे मी तोवर शिकलो होतो. आईचं वाक्य असायचं, "त्यांना म्हणावं, लाज असेल तर द्या." मी पोचवायचो ते, "पप्पा, बसवाले काका विचारत होते."

याचं पुढे काय झालं, ते कॉलेजात दिसलं. चार वर्षांपैकी तीन वर्षं मी क्लासचा सीआर होतो. सबमिशनची तारीख पुढे ढकलून हवी असेल तर मला पाठवायचे, कारण एचओडींचा मूड मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळतो असं पोरं म्हणायची. ग्रुप प्रॉजेक्टमध्ये भांडण झालं की दोन्हीकडच्या बाजू ऐकून तिसरंच काहीतरी ठरवून यायचं, हे माझं काम. आता ऑफिसात त्याला 'स्टेकहोल्डर मॅनेजमेंट' म्हणतात आणि अप्रेजलमध्ये त्याचे गुण मिळतात. पण कोणी आवाज चढवला की मी आजही आधी दाराकडे बघतो. आणि स्वतःला काय हवंय हे कोणी थेट विचारलं, अगदी कोणती भाजी मागवू असं विचारलं तरी, मला उत्तर सुचायला वेळ लागतो. एकाच सवयीच्या या दोन बाजू आहेत. तिला गुण म्हणायचं की दोष, हे मापणाऱ्याच्या पट्टीवर आहे.

आता तो भाग, जिथे मला सगळ्यात जास्त लिहायचंय. तो आहे कागदांचा.

बारावीनंतर ॲडमिशनसाठी जात पडताळणी लागते, म्हणजे व्हॅलिडिटी. आम्ही ओबीसी. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा, आणि तो वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला हवा. पप्पांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा दाखला, आत्याचा किंवा काकाचा, वंशावळ, त्यावर प्रतिज्ञापत्र. आई ज्या घरातून निघाली होती, त्याच घराची वंशावळ मला माझ्या हाताने काढायची होती. मामाकडचे कागद उपयोगाचे नव्हते. मी चार वर्षं मामाच्या घरात राहत होतो, मामाने माझ्या क्लासची फी भरली होती, पण झाडाच्या त्या फांदीवर मी नव्हतो.

चिंचणीजवळच्या आमच्या मूळ घरी मी एकटाच गेलो. काका बोलायचे नाहीत अशी धास्ती होती. काकांनी पत्र्याची पेटी काढली, आजोबांचा मोडी शिक्क्याचा जुना कागद शोधून दिला, काकूने जेवायला वाढलं. कोणी एक शब्द आईबद्दल विचारला नाही, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. निघताना आजी म्हणाली, "झाडात तुझं नाव खाली लिव. शेवटी." मी लिहिलं. धाकटीचंही लिहिलं.

पडताळणी झाली, प्रमाणपत्र आलं, ट्यूशन फी निम्मी माफ झाली. तक्रार म्हणून हे सांगत नाही, नियमच तसा आहे. पण विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याबद्दल बोलताना लोक समुपदेशन, ध्यान, योग असलं काहीतरी बोलतात. माझ्या स्वास्थ्याचा सगळ्यात वाईट आठवडा हा वंशावळीचा होता, आणि त्याचं नाव कुठल्याही प्रश्नावलीत नसतं.

दुसरा कागद २०१६ चा. आई-पप्पांनी परस्पर संमतीने अर्ज केला. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण परस्पर संमतीची ही सोय, कलम १३ ब, त्यात आली १९७६ मध्ये. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, यांची पाच झाली होती. तरी अर्जानंतर सहा महिने थांबायचं, विचार बदलला तर बदलला. ती सहा महिन्यांची अट कोर्ट शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये सांगितलं, तोवर आमचं काम उरकलं होतं.

संमतीच्या अटींची झेरॉक्स आईने डब्याच्या पिशवीत ठेवली होती. मी ती वाचली. धाकटीचा ताबा आईकडे, पप्पांनी दर महिन्याला इतके द्यायचे, भेटी रविवारी. माझ्याबद्दल एकच ओळ: मुलगा सज्ञान आहे. बस्स. वकिलाची यात काही चूक नाही. मुलांच्या पोटगीचा कायदा मूल अज्ञान असेपर्यंतचा आहे, म्हणजे अठरा पूर्ण होईपर्यंत. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर तिचा हक्क पुढेही राहतो, मुलाचा नाही. जरा कॅलेंडर उघडून बघा: अठरा वर्षं पूर्ण होतात तेव्हा आपल्याकडे मूल बारावीत असतं किंवा नुकतं फर्स्ट इयरला. म्हणजे खर्च सगळ्यात मोठा होतो त्याच वर्षी कायद्याच्या दृष्टीने ते मूल राहत नाही. पप्पांनी माझी उरलेली फी भरली, दर सेमिस्टरला, रोख, पाकिटात. ते द्यायलाच हवेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक वेळी ते घेताना मला मागितल्यासारखं वाटायचं.

कॉलेजात माझा एक मित्र विक्रमगडकडचा वारली होता. एकदा कँटीनमध्ये तो सहज म्हणाला की त्याच्या आईचं आधी एक लग्न झालं होतं, तो माणूस पटला नाही, पंच बसले, देणं-घेणं मिटवलं, मग ती त्याच्या बापाकडे आली. पहिल्या घरातला मोठा भाऊ सणाला येतो. त्याने हे ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात मी आमच्या घराबद्दल कधी बोललो नव्हतो. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, त्यांच्या रूढी चालतात, हे मला नंतर कळलं. इतर अनेक जातींतही काडीमोड होता, त्यालाही कायद्याने जागा ठेवली आहे. तिकडे बायकांचं सगळं सोपं असतं असं मी म्हणत नाही, मला त्यांच्या घरातलं काय माहीत. पण लाज हा घटस्फोटाचा अंगभूत भाग आहे असं मला तोवर वाटायचं, ते त्या दिवशी थोडं सैल झालं. लाज वेगळी आहे, दुःख वेगळं आहे. दोन्ही एकाच पाकिटात येतात म्हणून एकच वाटतात.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण धाकटी. ती टीवायबीएला आहे, मानसशास्त्र घेऊन. या वर्षी तिने प्रॉजेक्टला विषय घेतला: पालकांचा घटस्फोट आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचं व्यक्तिमत्त्व व स्वास्थ्य. गुगल फॉर्म बनवला आणि कोणाला पाठवण्याआधी मला दिला. "दादा, टेस्ट कर. तू बग काढतोस ना."

पहिला बग पहिल्याच पानावर होता. पालकांची वैवाहिक स्थिती: विवाहित, घटस्फोटित, विधवा/विधुर. मी म्हटलं, २०१४ साली आपण हा फॉर्म भरला असता तर काय निवडलं असतं? ती म्हणाली, विवाहित. म्हणजे सगळ्यात वाईट काळात आपण तिच्या आकडेवारीत सुखी कुटुंबांच्या रकान्यात गेलो असतो. तिने 'विभक्त' हा पर्याय वाढवला. मग मी म्हटलं, एकाच घरात राहून सहा महिने एकमेकांशी न बोलणारे कुठे जातील? त्यावर ती वैतागली. तिचं बरोबर होतं, फॉर्म कुठेतरी संपायला हवा.

मग मी तिचे संदर्भ वाचायला बसलो, कारण आकडे समोर आले की मला राहवत नाही. या विषयावरचं मोठं काम अमेरिकेतलं आहे. ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातल्या ६० कुटुंबांतली १३१ मुलं पंचवीस वर्षं पाहिली, आणि म्हणाल्या की घटस्फोटाचा खरा फटका बालपणी बसत नाही, मोठेपणी स्वतः प्रेमात पडायची वेळ येते तेव्हा बसतो. वाचून धस्स होतं. पण ती कुटुंबं एकाच सुखवस्तू भागातली होती आणि घटस्फोट न झालेल्या घरांशी सुरुवातीपासून तुलना नव्हती. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी तुलना ठेवली. त्यांना घटस्फोटित घरांतल्या साधारण २० ते २५ टक्के मुलांमध्ये गंभीर अडचणी दिसल्या, आणि इतर घरांतल्या १० टक्के मुलांमध्ये. धोका दुप्पट किंवा थोडा जास्त, हे खरं. आणि चारपैकी तीन मुलं ठीक, हेही खरं. बातमीत कोणतं वाक्य छापायचं हे संपादक ठरवतो.

सगळ्यात मला आवडलेला आकडा पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांचा. १९९१ मध्ये त्यांनी तोवरचे ९२ अभ्यास एकत्र केले. सरासरीत घटस्फोटित घरांतली मुलं अभ्यास, वागणूक, स्वतःबद्दलचं मत यांत मागे होतीच, पण किती? साधारण ०.१४ प्रमाण विचलन. मी त्याचं गणित धाकटीला करून दाखवलं. दोन गटांतून डोळे मिटून एकेक मूल उचललं, तर एकत्र घरातलं मूल पुढे असण्याची शक्यता येते ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५० येते. एवढ्या फरकावर लग्नाच्या बैठकीत "मुलाच्या घरी जरा तसंच आहे" असं कुजबुजायचं असेल तर कुजबुजा.

"मग माझा प्रॉजेक्टच संपला की," ती म्हणाली.

संपला नव्हता, कारण त्यानंतर आम्ही दोघांनी तो फॉर्म खरोखर भरला. वेगवेगळ्या फोनवर, एकमेकांचं न बघता. स्वास्थ्याचे पाच प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत: गेल्या दोन आठवड्यांत प्रसन्न वाटलं का, शांत वाटलं का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे. त्यात आमचे गुण जवळपास सारखे आले, दोघांचेही बरे. शेवटी तिने स्वतःचा एक प्रश्न टाकला होता: आई-वडिलांच्या वेगळं होण्याचं तुम्हाला आजही वाईट वाटतं का, एक ते पाच. मी दोन दिले होते. तिने पाच.

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. एकच घर, एकच घटस्फोट, तेच आई-वडील.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लिसा लॉमन-बिलिंग्ज आणि रॉबर्ट एमरी यांनी २००० साली हेच कॉलेजच्या विद्यार्थ्यांमध्ये मांडलं होतं. नेहमीच्या मानसिक चाचण्यांत ही मुलं ठीक येतात, पास होतात, नोकऱ्या धरतात, मित्र जोडतात. पण वेगळं विचारलं की आतलं दुखणं बाहेर येतं: हरवलेलं बालपण, एखाद्या समारंभात दोघं समोरासमोर येतील याची धास्ती. बिघडणं एक, दुखणं दुसरं. बिघाड नाही म्हणून दुखत नाही असं नाही, आणि दुखतं म्हणून माणूस बिघडलेला नाही. आपल्याकडे सगळे बिघाड शोधतात. मुलगा दारू पितो का, मुलगी पळून जाईल का, केटी लागल्या का. काही नाही ना, मग झालं.

पण तिचे पाच आणि माझे दोन का, याचं उत्तर मला अमाटोंच्याच दुसऱ्या अभ्यासात मिळालं. १९८० पासून त्यांनी लॉरा लूमिस आणि ॲलन बूथ यांच्यासोबत जोडप्यांचा बारा वर्षांचा काळ तपासला, मग त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांना विचारलं. ज्या घरांत कडाक्याची भांडणं होती, तिथे घटस्फोट झालेली मुलं न झालेल्यांपेक्षा बऱ्या अवस्थेत होती. आणि ज्या घरांत वरवर शांतता होती, तिथे घटस्फोटाने मुलांचं जास्त नुकसान केलं. कारण त्यांच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसताना घर मोडलं.

आमचं घर या दोन्ही रकान्यांत होतं. मी नऊ ते तेरा वर्षांचा असताना बोईसरच्या त्या वन रूम किचनमध्ये काय चालायचं, हे मला माहीत आहे. कारण पैशाचं होतं, त्याहून जास्त लिहिणार नाही, ते त्या दोघांचं आहे. कोणी कोणावर हात उचलला नाही, पण ताटं भिंतीवर आपटली आहेत, आणि रात्री दोन वाजता शेजाऱ्यांनी दार वाजवलं आहे. धाकटी तेव्हा पाळण्यात, मग अंगणवाडीत. आवाज चढायला लागले की मी तिला घेऊन गच्चीवर जायचो आणि एमआयडीसीचे दिवे मोजायला लावायचो. तिला ती गच्ची आठवते. फार छान आठवण आहे तिची. शेवटच्या वर्षभरात भांडणं थांबली होती आणि अबोला होता. म्हणजे तिला जे घर आठवतं ते शांत होतं. आणि त्या शांत घरातून एके दिवशी, पहिलीत जायच्या आधी, तिला उचलून पालघरला आणलं.

जून २०११ मध्ये मला झोप लागायला लागली होती. तिची त्याच महिन्यात उडाली. आई अजून सांगते की ती रात्री उठून चपला घालून बसायची.

"तुला कारण माहीत होतं," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नाही. मला अजूनही वाटतं की आई उगाच निघाली. मी तिच्यावर प्रेम करते, पण मला तसं वाटतं. आणि तसं वाटतं म्हणून मग मला माझाच राग येतो."

ती पप्पांची लाडकी आहे. ते तिला दर रविवारी बाजारातून ताजा बोंबील आणून तळून देतात, स्वतः. गेल्या चौदा वर्षांत हा माणूस खूप बदलला आहे, हे मीही पाहिलं आहे. तिला माहीत असलेले पप्पा खरे आहेत, मला माहीत असलेलेही खरे होते. मी तिला ताटांचं सांगितलं तर तिच्या पाचाचे तीन होतील का? आणि त्या बदल्यात तिच्याकडून काय जाईल? अमाटो आणि मंडळी यावर काही सांगत नाहीत. त्यांना एका घरात एकच उत्तर चालतं.

मी आईला विचारलं. पतपेढीतून येऊन ती भाजी निवडत होती. सगळं सांगितलं, फॉर्म, दोन आणि पाच, गच्ची. तिने मेथीच्या काड्या वेगळ्या केल्या, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्षं तिला तिचे पप्पा राहू दे म्हणून मी गप्प बसले. ती माझ्यावर रागावलेली आहे ते मला कळत नाही का?"

मी म्हटलं, मी बोलू का तिच्याशी?

"तू नको. तू खूप निरोप पोचवलेस. माझं मी सांगेन."

पुढच्या शनिवारी दोघी केळव्याला गेल्या. मला बोलावलं नाही. संध्याकाळी परत आल्या तेव्हा पायांना वाळू होती, आणि दोघींचे डोळे सुजलेले होते, म्हणजे काहीतरी बोलणं झालं होतं. काय ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जेवताना धाकटी आईच्या ताटात स्वतःहून लोणचं वाढत होती, जे ती सहसा करत नाही. मग हात धुता धुता तिने मला विचारलं,

"पप्पांची या आठवड्यात कोणती शिफ्ट आहे?"

"सेकंड."

"मग सकाळी घरी असतील."